दोन कार्बोरेटर, दोन तळहात

जुन्या जालन्यात पुंजाराम मिस्त्रीकडे मोटारसायकल दुरुस्तीला टाकायची तर आधी स्वतःची झडती देण्याची तयारी ठेवावी लागे. गाडी कुठून आणली, याआधी कुणाला दाखवली, पेट्रोल कुठल्या पंपावरचं, घरात आणखी कोण चालवतं, असे सतरा प्रश्न विचारल्याशिवाय तो पान्याला हात लावत नसे. कुणी म्हणालं, 'मीच चालवतो, दुसरं कुणी नाही,' की पुंजाराम वाकून मागच्या फूटरेस्टचं रबर बघे आणि विचारी, मग हे काय हवेनं झिजलं का? मेहुण्याला आठ दिवस गाडी दिली होती, हे बिचाऱ्या गिऱ्हाइकाला तेव्हा कुठे आठवे.

माणूस वाईट नव्हता, पण संशय त्याच्या हाडीमाशी खिळला होता. सुट्या भागांचं सीलबंद पाकीट तो ब्लेडनं फोडी आणि आतला इवलासा जेट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारी पितळी तोटी, भिंगाखाली धरून चारदा फिरवून बघे. बायको जयवंताबाई दोन वर्षांपासून त्याच्या मागे लागली होती की एकदा रक्त तपासून घ्या, तुमच्या घरात साखरेचा आजार आहे, तुमचा मोठा भाऊ त्यानंच गेला. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं: तिथे बाटल्यांची अदलाबदल होते, दुसऱ्याची साखर माझ्या नावावर लावतील. जयवंताबाईनं कपाळाला हात लावायचा आणि कामाला लागायचं, असा संसार बत्तीस वर्षं चालला होता.

ज्यावर पुंजारामचा डोळे झाकून विश्वास होता अशी जगात एकच वस्तू होती, ती म्हणजे त्याचे स्वतःचे दोन तळहात.

ही श्रद्धा त्याला बापाकडून मिळाली होती. बाप रखमाजी टेंभुर्णीला मेंढरं राखायचा. दिवस मावळताना जाळीच्या कुंपणाला एक चिंचोळी वाट ठेवायची, आपण तिथे बसायचं आणि आत जाणाऱ्या प्रत्येक मेंढराच्या पाठीवरून तळहात फिरवायचा, ही रखमाजीची रीत. कुठलं आजारी आहे, कुठलं गाभण आहे आणि कुठलं आपलं नाहीच, हे त्याला हातालाच कळे. व्यापाऱ्यांनी त्याला दोनदा फसवलं होतं. तेव्हापासून तो पोराला सांगे, डोळ्याला दाखवलेलं खरं नसतं आणि कानाला सांगितलेलं तर नसतंच, हात लावून बघ. मेंढरं गेली, रखमाजी गेला, पोरगं जालन्याला येऊन गाड्यांच्या तेलात बुडालं, पण हात लावून बघायची सवय तेवढी राहिली.

त्या सवयीवरच पुंजारामनं नाव कमावलं. दोन सिलिंडरच्या जुन्या गाड्या आता जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. या गाडीला प्रत्येक सिलिंडरला एक असे दोन कार्बोरेटर असतात. हँडलवरून एकच तार निघते आणि खाली येऊन तिच्या दोन तारा होतात. मूठ पिळली की दोन्ही कार्बोरेटरच्या आतली झडप एकाच वेळी, सारखीच उचलली गेली पाहिजे. एक केसभर आधी उचलली गेली, की एक सिलिंडर ओढतं आणि दुसरं नुसतंच फरफटत जातं. मग गाडी हिसके मारते, पेट्रोल पिते आणि मालकाला शिव्या द्यायला लावते.

हे जुळवायला बाकीचे मिस्त्री झडपांखाली लोखंडी काड्या घालून बघत. पुंजाराम गाडी गरम करायचा आणि तिच्या मागे लाकडी ठोकळ्यावर बसून दोन सायलेन्सरच्या मागे, वीतभर अंतरावर, दोन तळहात धरायचा. डोळे मिटायचे. दोन्हीकडून धुराचे ठोके हातावर बसत. डावीकडचा ठोका मऊ लागला की उठायचं, डाव्या कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, परत येऊन बसायचं. शेवटी दोन्ही हातांवर सारखा ठोका बसू लागला की तो म्हणे, 'बराबर.' त्या एका शब्दासाठी अंबड-भोकरदनहून लोक येत.

त्याच्या शेडसमोर, गल्लीच्या पलीकडे, कल्याणचं स्पेअर पार्टचं दुकान. दोघांनी धंदा एकाच साली सुरू केलेला. रोज अकराला चहा, एक दिवस या ओट्यावर, एक दिवस त्या ओट्यावर. पुंजारामच्या संशयावर हसू शकणारा गल्लीत तो एकटाच. पुंजाराम पाकीट फोडून भिंग काढू लागला की कल्याण विचारी, आज त्यात काय सापडणार आहे, साप का विंचू? पुंजाराम उत्तर देत नसे, पण दुसऱ्या कुणाच्या दुकानात तो कधी गेलाही नाही.

दिवाळीनंतर बदनापूरचा आदिनाथ आपल्या वडिलांची साडेतीनशेची दोन सिलिंडरवाली राजदूत घेऊन आला. हा शेती संशोधन केंद्रात नोकरीला, स्वभावानं थंड. वडील जाऊन वर्ष झालं होतं आणि गाडी उभी राहून खराब होत होती. ती नीट चालावी एवढीच त्याची इच्छा. पुंजारामनं नेहमीप्रमाणे झडती घेतली, कार्बोरेटर उघडून धुतले, कल्याणकडून नवे जेट घेतले, भिंगातून पाहिले, बसवले आणि ठोकळ्यावर बसून हात धरले. डावीकडचा ठोका फार मऊ लागला. त्यानं डावीकडचा स्क्रू वाढवला, तार ओढली, पुन्हा वाढवला. बऱ्याच वेळानं ठोके सारखे झाले. 'बराबर,' तो म्हणाला, आणि आदिनाथ गाडी घेऊन गेला.

आठ दिवसांत तो परत आला. गाडी कमी वेगात हिसके देते आणि डावीकडून धूर फार येतो. पुंजारामनं आधी पेट्रोलवर संशय घेतला. टाकीची नळी उजव्या हातात धरून डाव्या तळहातावर चार थेंब टाकले. चांगलं पेट्रोल हातावर पडलं की गार लागतं आणि बघता बघता उडून जातं. हे उडालं, पण गार लागलंच नाही. घासलेट मिसळलंय, असा निकाल त्यानं दिला. आदिनाथनं टाकी रिकामी केली, पंप बदलला. हिसके तसेच.

त्याच आठवड्यात एका सकाळी पुंजारामला आपल्या डाव्या तळहातावर टपोरा फोड दिसला. कुठं भाजलं, काही केल्या आठवेना. त्यानं जयवंताबाईला विचारलं, तवा गरम असताना माझ्या जागेवर ठेवला होतास का? ती म्हणाली, तुमची जागा चुलीपाशी कधीपासून झाली? त्याला हे उत्तर उडवाउडवीचं वाटलं आणि दोन दिवस तो तिच्याशी तुटक बोलला.

दुसऱ्या खेपेलाही डावं सिलिंडर हाताला कमजोरच लागलं. इंजिन चांगलं, प्लग नवा, पेट्रोल बदललेलं. मग उरलं काय? जेट. आणि जेट आले कुठून? कल्याणकडून. पुंजारामच्या मनात एकदा किडा शिरला की तो बाहेर निघायचं नाव घेत नसे. कल्याणनं हल्ली नवीन पुरवठादार धरलाय. परवा चहाच्या वेळी तो नजर चुकवत होता. पाकिटाचं सीलही जरा सैल होतं. एकेक गोष्ट अशी बरोबर जागेवर बसत गेली, की पुंजारामला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं.

अकराच्या सुमारास, चहावाला आणि शेजारचा शिंपी ऐकत असताना, तो गल्लीच्या मधोमध उभा राहिला. "तीस वर्षं माझ्या संगं चहा पिऊन राह्यला," तो म्हणाला, "अन् मलाच डुप्लिकेट माल देऊन राह्यला?"

कल्याणच्या हातातला कप हातातच राहिला. तो ओरडला नाही. "पुंजा, तू जगावर संशय घेतला तवा मी हसलो," तो म्हणाला. "मला वाटलं, मी त्या जगात न्हाई. उद्यापासून माझ्या दुकानाची पायरी चढू नको."

दुसऱ्या दिवशी कल्याणनं दुकानाच्या तोंडाशी टायर-ट्यूबांची अशी दाट माळ टांगली की समोरच्या शेडमधून त्याचं गल्ल्यावरचं डोकंही दिसेना. अकराचा चहा बंद झाला. पुंजारामनं बाहेरगावाहून दुसरे जेट मागवले आणि भिंगातून पाहून बसवले. डावीकडचा ठोका मऊ तो मऊच. म्हणजे कल्याणचे जेट चांगले असणार, हे त्याला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण गल्लीत मोठ्यानं बोललेला शब्द गिळणं त्याला जड गेलं. त्यानं मनाची समजूत काढली, की आजकाल सगळीकडेच डुप्लिकेट येतं.

तिसऱ्यांदा आदिनाथ आला तो वेगळ्याच तयारीनं. मोबाईलवर काहीतरी बघून त्यानं घरीच दोन्ही झडपांखाली सारख्या जाडीच्या ड्रिलच्या काड्या घालून पाहिल्या होत्या. डावीकडची झडप आधी उचलते, असं त्यानं शांतपणे सांगितलं. पुंजारामनं डोळे बारीक केले. गाडी कुणाला दाखवली? कुणालाच नाही, मीच पाहिलं. पुंजारामला ते पटलं नाही. आणि झडप आधी उचलत असेल तर उचलणारच, तो म्हणाला, डावं कमजोर आहे म्हणून मीच त्याला जास्त दिलंय. काड्या घालून कळत असतं तर लोक इतक्या लांबून माझ्याकडे कशाला आले असते?

आदिनाथनं वाद घातला नाही. "मिस्त्री, ही गाडी माझ्या वडिलांनी फक्त तुमच्याकडंच आणली," तो म्हणाला. "आठ दिवस ठेवून जातो. न्हाई जमलं तर दुसरीकडं न्यावी लागंल." हे तो रागानं म्हणाला असता तर पुंजारामला बरं वाटलं असतं.

आता पेच सरळ होता. डावं सिलिंडर खरंच कमजोर असेल तर दोष गाडीत आहे, मालात आहे, लोकांत आहे, आणि पुंजाराम खरा. ते कमजोर नसेल तर तीस वर्षांच्या मित्राला त्यानं भर गल्लीत उगीच चोर ठरवलं होतं. गाडी हातची जाईल ही भीती होतीच, पण जेवताना त्याच्या डोळ्यांपुढे येत होती ती समोरची ट्यूबांची माळ.

मिस्त्री लोकांकडे चोर पकडायची एक रीत असते. ज्या भागावर संशय आहे तो डावीकडून काढून उजवीकडे लावायचा. दोष त्याच्याबरोबर उजवीकडे गेला तर तो भाग चोर. दोष डावीकडेच राहिला तर भाग निर्दोष, पुढच्याला धरा. पुंजारामनं प्लग बदलून पाहिले. ठोका डावीकडेच मऊ. त्यानं आख्खे कार्बोरेटर काढून डाव्याचा उजवा केला, उजव्याचा डावा. ठोका डावीकडेच मऊ. सायलेन्सर काढले, काजळी जाळून साफ केले, उलट बाजूंना बसवून पाहिले. तरीही डावीकडेच. तीन दिवस त्यानं दुसरं काम घेतलं नाही. चौथ्या दिवशी दुपारी तो ठोकळ्यावर बसून राहिला, कारण आता गाडीत बदलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

जयवंताबाई शेडच्या मागच्या घरातून चहा घेऊन आली. स्टीलचा ग्लास तिनं पदरात धरला होता. पुंजारामच्या उजव्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता म्हणून त्यानं डाव्या हातानं ग्लास घेतला, मुठीत गच्च धरला आणि गाडीकडे बघत बसला. ती जायला वळली आणि थांबली.

"अवो, चहा आत्ता उकळला हाय," ती म्हणाली. "भाजून न्हाई राह्यलं का तुम्हाला?"

पुंजारामच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, की कोमट चहा आणायचा आणि वर मलाच विचारायचं. जयवंताबाईनं बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कपाळाला हात लावला नाही. तिनं पदरानं ग्लास त्याच्या डाव्या मुठीतून काढला, त्याच्या उजव्या हातातला स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवला आणि ग्लास उजव्या हातात दिला.

त्यानं तो टाकलाच. चहा ठोकळ्यावर, पायावर, सगळीकडे सांडला. पुंजाराम आपल्या दोन हातांकडे पाहत राहिला. उजवा लाल झाला होता आणि चुरचुरत होता. डावाही तितकाच लाल झाला होता, आणि त्याला काही म्हणजे काहीच लागत नव्हतं.

तो उठला, गाडी सुरू केली, ठोकळ्यावर बसला आणि हातांची कैची करून उजवा तळहात डाव्या सायलेन्सरमागे नेला, डावा उजव्यामागे. डावा सायलेन्सर तळहातावर दणादणा ठोके घालत होता. उजवीकडे सगळं शांत. मग त्यानं नुसता उजवा हातच या बाजूला धरला, त्या बाजूला धरला, पुन्हा या बाजूला. डावं सिलिंडर कधीच कमजोर नव्हतं. त्याला पाजून पाजून यानंच मस्तवाल केलं होतं आणि उजव्याला उपाशी ठेवलं होतं.

गाडीत बदलायचं काही उरलं नव्हतं, हे खोटं होतं. हात बदलायचे राहिले होते. गार न लागलेलं पेट्रोल त्याला आठवलं, तो फोड आठवला, तव्याचा आळ आठवला. दोन महिने त्यानं सगळ्या जगाची झडती घेतली आणि चोर त्याच्याच मनगटाला लटकलेला होता. पुंजाराम घाबरला. आयुष्यात पहिल्यांदा, अगदी लहान पोरासारखा घाबरला. हात गेला तर मिस्त्री म्हणून आपण काय उरलो, हा एक विचार होता, आणि कल्याणचा कप हातातच राहिला होता, हा दुसरा. दुसरा जास्त टोचत होता.

त्यानं एकाच हातानं गाडी जुळवायचा प्रयत्न केला. उजवा हात डावीकडे धरायचा, ठोका ध्यानात ठेवायचा, मग उजवीकडे धरायचा. जमेना. ठोका हातावरून गेला की गेला, तो लक्षात राहत नाही. दोन्ही ठोके एकाच क्षणी दोन हातांवर बसले तरच फरक कळतो. दुसरा हात हवाच होता.

जयवंताबाई म्हणाली, मी धरू का? पुंजारामनं फडक्याला हात पुसले. गल्ली ओलांडून तो ट्यूबांच्या माळेसमोर जाऊन उभा राहिला. पायरी चढला नाही. आतून पाकिटं लावल्याचा आवाज येत होता.

"कल्याण," तो म्हणाला, "तुझे जेट असली होते."

"मला म्हाईत हाय," आतून आवाज आला. पाकिटांचा आवाज थांबला नाही.

"माझा डावा हात गेला. काई कळंना त्याला."

आता आवाज थांबला. ट्यूबा बाजूला सारून कल्याण बाहेर आला. त्यानं पुंजारामच्या तोंडाकडे बघितलं, मग त्याचा डावा हात ओढून घेतला आणि तळहातात आपलं नख जोरात रुतवलं. लागतंय का? नाही. इथं? नाही. नखाची चांगली खोल खूण उमटली, तरी पुंजाराम नुसता त्याच्या तोंडाकडे बघत होता. कल्याणचा चेहरा ढिला पडला. पण तोही तीस वर्षं त्याच गल्लीत राहिलेला माणूस. त्यानं हात सोडला.

"डुप्लिकेट म्हणून गल्लीत बोलला होता," तो म्हणाला. "असली हायेत तेबी गल्लीतच सांग."

पुंजाराम वळला. चहावाला होता, शिंपी होता, पंक्चर काढायला आलेली दोन अनोळखी माणसंही होती. त्यानं सांगितलं. शिंप्याचं मशीन चालू होतं म्हणून पुन्हा पहिल्यापासून, मोठ्यानं सांगितलं, की कल्याणचा माल चोख आहे आणि खोट माझ्या हातात होती. शिंप्यानं मशीन थांबवलं होतं.

मग दोघं गल्ली ओलांडून आले. शेडमध्ये ठोकळा एकच होता, म्हणून कल्याण उलट्या घातलेल्या डब्यावर बसला. गाडी धडधडत होती. पुंजारामनं आपला उजवा तळहात उजव्या सायलेन्सरमागे धरला आणि कल्याणनं आपला डावा तळहात डाव्यामागे.

"उद्या दवाखान्यात जायचं," कल्याण गाडीच्या आवाजावरून म्हणाला. "रक्ताची बाटली माझ्या डोळ्यासमोर भरतील. मंग तर झालं?"

पुंजारामनं मान डोलावली. उठून त्यानं डावीकडचा स्क्रू चांगला दोन फेरे उतरवला, तार सैल केली, पुन्हा येऊन बसला. माझ्या हातावर हे असे पडतायत, म्हणत तो डाव्या हाताची बोटं गुडघ्यावर आपटून ठोके दाखवू लागला. आपल्यावर किती जोरात पडतायत ते कल्याण सांगू लागला. अजून जास्त आहे. अजून. आता कमी झाला. पाव फेरा वर. पुंजाराम सात-आठ वेळा उठला आणि बसला. गाडीचा आवाज हळूहळू एकसारखा होत गेला, पण आवाजावर पुंजारामचा विश्वास कधीच नव्हता.

शेवटी कल्याण डोळे मिटून बराच वेळ तसाच बसला आणि म्हणाला, "बराबर."

पुंजारामनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं, भिंगातून जेट पाहावा तसं. डावीकडचा ठोका त्याला स्वतःला कळण्याचा आता काही मार्ग नव्हता. 'नक्की का?' हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. कल्याणनं डोळे उघडले होते आणि तो त्या शब्दांची वाटच बघत होता.

पुंजारामनं पाना उचलला आणि जुळणी पक्की करणारा लॉक नट आवळून टाकला.